मापाला दिलेली गिटार

नवा कपडा शिवायला टाकताना आपण शिंप्याला मापासाठी जुना देतो. मीही तेच केलं. फक्त मापाला दिलेली वस्तू माझी नव्हती, ताईची होती.

ताईने तिची इलेक्ट्रिक गिटार मला अठरा वर्षांपूर्वी सांभाळायला दिली. तिचं लग्न झालं, पाठोपाठ मुलगी झाली, एक्स-रे काढायची नोकरी लागली आणि तिचं वाजवणं सुटलं. मी त्याच गिटारवर शिकले आणि हॉटेलांत, हॉलमध्ये, लोकांच्या पार्ट्यांत वाजवून त्याच गिटारवर पोट भरायला लागले. मग मागच्या वर्षी तिचा फोन आला.

"बारके, लेक हॉस्टेलला गेली. दुपारी घर खायला उठतं. माझी गिटार देतेस का?"

'माझी' हा शब्द मला उगाचच लागला. खोटं काही नव्हतं त्यात, पण लागला. मी म्हटलं, "अगदी तशीच दुसरी करून घेते, मग लगेच आणून देते."

"घे की सावकाश. मी कुठे पळून चाललेय?"

करून घेते म्हणजे तारकाकांकडूनच, दुसरं कोण! त्यांचं दुकान तीन पायऱ्या खाली उतरून तळघरात. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, काउंटरवर कायम तापलेलं सोल्डरिंग आयर्न, आणि त्याच्यामागे नाकाच्या टोकावर चष्मा ठेवून बसलेले काका. शाळेत असताना ताईची पहिली तार तुटली ती त्यांनी स्वतः लावून दिली, तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव तारकाका. मी कोणाशी लग्न करू नये हेही मी त्यांनाच विचारलं होतं, आणि त्यांनी बरोबर सांगितलं होतं.

काका ज्या कारागिराचे डीलर होते तो दुसऱ्या शहरात राहायचा आणि वर्षाला जेमतेम अकरा गिटारी बनवायचा. त्याच्याशी थेट बोलता यायचं नाही. जे काही सांगायचं ते काकांमार्फत. चार पानी फॉर्म होता. लाकूड कुठलं, तारांचा आवाज पकडणारे पिकअप कुठले, बटणं किती. रंगापाशी मी अडले. मला ओल्या सिमेंटचा रंग हवा होता.

"राखाडी लिहू?"

"राखाडी नाही, काका. ओलं सिमेंट."

"नवरा शोधायला एवढा वेळ लावला असतास तर आज संसारात असतीस," म्हणत त्यांनी 'ओलं सिमेंट' लिहिलं.

सगळ्यात कठीण होती ती नेक, म्हणजे डाव्या हाताने धरायची लांब दांडी. गिटार हातात बसते की नाही ते तीच ठरवते. काकांनी कंगव्यासारखं एक उपकरण ताईच्या गिटारच्या नेकवर दाबून तिची गोलाई कागदावर उतरवली. मग म्हणाले, "कागदाने भागायचं नाही. कारागिराच्या हातात प्रत्यक्ष जायला हवी. ठेवून जा."

माझा पाय निघेना. "काका, ताईची आहे."

"अगं, माझ्याकडे आहे म्हणजे लॉकरमध्ये आहे."

मी ठेवून आले. तोवर वाजवायला काकांनीच दुकानातली एक उसनी दिली.

दोन महिन्यांनी कारागिराने नेक बनवून पाठवली. काका म्हणाले, "डोळे मीट. हात काय म्हणतो ते सांग." हात नाही म्हणाला. पुढची आली, तीही परत पाठवली. कारागीर वैतागला असं काका सांगत होते, पण स्वतः काकांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. उलट म्हणायचे, "तुझं बरोबर आहे. आयुष्यभर वाजवायची आहे, कसंतरी चालवून घेऊ नकोस." मला किती धन्य वाटायचं! आपली एवढी काळजी करणारं कोणी आहे म्हणून मी रस्त्यात गाणं गुणगुणत घरी जायचे.

पाचव्या महिन्यात बोलावणं आलं. ओल्या सिमेंटच्या रंगाची गिटार काउंटरवर होती. नेक चकचकीत, तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, नवे कोरे. मी वाजवली आणि ओरडलेच, "काका, ही तर तीच आहे!"

ते हसले. खूप समाधानाने हसले.

ताईची गिटार पेटीत तयार होती. "सर्व्हिसिंग करून दिलंय, तारा नव्या घातल्यात," ते म्हणाले. मला संध्याकाळी कार्यक्रम होता. पेटी न उघडताच मी ती ताईकडे नेली. तिने सोफ्यावर बसून दोन-चार कॉर्ड वाजवले, मध्येच थांबली, गिटारकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "छान ठेवलीस," म्हणाली. मी चहाही न घेता निघाले.

तीन महिने मी हवेत होते. मग हवा बदलली आणि गिटारच्या तारा वर उचलल्यासारख्या झाल्या. नेकच्या आत एक लोखंडी सळई असते, ती अशा वेळी जरा पिळून घ्यावी लागते. या जातीच्या गिटारीत त्यासाठी मागचे चार स्क्रू काढून नेकच सोडवावी लागते. एरवी हे काम काकांचं, पण ते पंधरा दिवस मुलाकडे गेले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरून मी स्वतःच खोलली.

नेकच्या बुडाशी चार भोकं होती. त्यातल्या एकात आगकाडीचे तुकडे डिंकाने ठासून बसवलेले होते.

ते बाबांचं काम होतं. एकदा स्क्रू सैल होऊन नेक डुगडुगायला लागली तेव्हा बाबांनी ताईच्या गिटारच्या भोकात काड्या कोंबल्या होत्या. मी शेजारी बॅटरी धरून उभी होते. आता बाबा नाहीत, आणि त्यांच्या काड्या माझ्या नव्याकोऱ्या, खास बनवून घेतलेल्या गिटारमध्ये होत्या. ताईचीच नेक वरून घासून, पॉलिश करून, फ्रेट बदलून नवी केली होती. बुडाशी कोण बघतंय?

काका परत आले त्या दिवशी सकाळी मी नेक कागदात गुंडाळून दुकानात गेले आणि काउंटरवर ठेवली. त्यांनी चष्मा वर केला. नाकारलं नाही.

"दोनदा परत पाठवलीस. तिसरी आली ती मला स्वतःलाच पटली नाही. मग म्हटलं, कशाला जीव काढायचा? ही, ताईची, तुझ्या गिटारला लावली. तिसरी घासून, डाग पाडून जुनी केली, ती ताईच्या गिटारला लावली."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नाही!"

"मग?" जणू काही मुद्दा त्यांनीच जिंकला होता. "अगं, तू पोटासाठी वाजवतेस. ती दुपारी करमत नाही म्हणून. कोणाच्या हातात काय शोभतं ते मला कळत नाही का? तिला काही कळायचं नाही."

"तुम्ही मला चोर केलंत, काका."

"चोर कसली? घरातली वस्तू घरातच आहे."

अठरा वर्षं या माणसाच्या शब्दावर मी तार निवडली, ॲम्प निवडला, माणसं निवडली. मला वाटायचं, काका माझं ऐकतात. ते फक्त माझं माप घेत होते.

"मी आत्ताच ताईकडे चाललेय," मी म्हटलं. "फोन करेन तेव्हा जे आत्ता बोललात तेच तिला सांगायचं."

"सांगेन की. तू हो पुढे."

ताईने दार उघडलं. माझ्या हातात कागदात गुंडाळलेली नेक. मी उंबऱ्यातच सगळं बोलून टाकलं. काड्या, काका, सगळं. ती म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"कसं?"

"तिसऱ्या तारेवर सातव्या घरात माझ्या गिटारचा सूर लगेच मरायचा. हिचा मरत नाही. छान लांब वाजतो."

ते मला माहीत होतं. इतकी वर्षं मी तो सूर टाळून दुसऱ्या तारेवर घेत आले होते, नव्या गिटारवरही सवयीने टाळत होते. म्हणून तर माझ्या लक्षात आलं नाही.

"मग बोलली का नाहीस?"

ताई खाली बघून पदराशी चाळा करत राहिली. "काय बोलायचं? म्हटलं, हिला एवढी हवीय तर राहू दे. मागितली असतीस तर दिली असती गं."

मला आधी उमगलंच नाही. मग उमगलं. "तुला वाटलं मी केलं?"

"तारकाका असं कशाला करतील?"

म्हणजे तीन महिने ती माझ्याशी फोनवर हसून बोलत होती, लेकीच्या मेसच्या तक्रारी सांगत होती, आणि सगळा वेळ मला चोर समजत होती. आणि समजून माफही करून बसली होती. मला भयंकर राग आला. मी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवला.

"काका, ताई ऐकतेय. सांगा तिला."

पलीकडून तो ओळखीचा, मऊ आवाज आला.

"ताई, जाऊ दे गं. लहान आहे ती. पोटापाण्याचा प्रश्न होता तिचा. मोठी आहेस ना तू? मोठ्या मनाने घे. मला बोल हवं तर, मी तिला अडवायला हवं होतं."

"काका!" मी किंचाळले. "तुम्हीच केलंत ते! आत्ता तासाभरापूर्वी तोंडाने कबूल केलंत!"

"बरं, मीच केलं," ते म्हणाले. आजारी माणसाशी बोलावं इतक्या गोड सुरात. "मीच केलं हो, ताई. तिला काही बोलू नकोस." आणि फोन ठेवला.

मी ताईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, दया होती.

मी तिच्याच टेबलावर तिची गिटार पालथी घातली, चार स्क्रू काढले, ती बनावट नेक बाजूला केली आणि बाबांच्या काड्यांची नेक जागेवर बसवली. तारा चढवल्या, सूर लावले. ताई शेजारी बसून स्क्रू हातात देत होती, अगदी प्रेमाने. काम संपल्यावर तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"परत आणून दिलीस, ते फार बरं केलंस," ती म्हणाली.