वरच्या वळणावरचे ओंडके

"हात लाव ओंडक्याला, वाट दे पाण्याला."

वडील करवतीला धार लावताना हे गुणगुणायचे. दाते कानशीवर खरखरायचे, आणि त्या खरखरीतच ओळ विणल्यासारखी घरभर फिरायची. नदीत अडकलेलं लाकूड उपसणं हेच त्यांचं पाटबंधारे खात्यातलं काम. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली. तरी पाण्यात आडवं झाड दिसलं की माझे हात अजून शिवशिवतात.

मी त्याच खात्यात, पण पाणी मोजतो. माझी चौकी वर, डोंगराच्या पायथ्याशी. पट्टीवर पाण्याची उंची बघायची, वहीत लिहायची, पाणी चढलं की खाली फोन करायचा. खाली गावाच्या तोंडाशी बंधारा आहे, त्याला पाच दरवाजे. ते ताईचा नवरा सांभाळतो. एकोणीस वर्षं रोज सकाळी आमचं फोनवर एकच.

"काय थेंबमोजे, आज किती थेंब?"

"चार कमी पडलेत. तुम्ही प्यायलात का, भाऊजी?"

वर्षातून दोनदा, एकदा उतरत्या पाण्यात आणि एकदा भर पाण्यात, मी पुलावरून बाटलीभर हिरवा रंग नदीत ओतायचो आणि "सोडला" म्हणायचो. भाऊजी बंधाऱ्यावर डोळे लावून बसायचे आणि म्हणायचे, "आला." मधला वेळ, म्हणजे पाण्याला खाली पोचायला लागणारा, तक्त्यावर चढायचा. भर पाण्याला दोन तास. म्हणून नियम असा की माझा फोन आला की तासभर थांबायचं, मग दरवाजे उघडायला घ्यायचे; पाचही उघडायला पाऊण तास लागतो. आधी उघडले तर साठवलेलं पाणी वाया जातं.

ते दोन तास यायचे कुठून, याचा मी कधी विचारच केला नव्हता. वरच्या वळणावर जुनी झाडं पडून एकमेकांत गुंतली होती. त्यांच्यावर फांद्या, फांद्यांवर पाला, पाल्यावर माती. पाणी तिथे येऊन थबकायचं. मागे डोह भरायचा, डोहातून पाणी दोन्ही अंगांच्या कुरणांत पसरायचं, गवतातून रेंगाळायचं, आणि मग ओंडक्यांच्या फटींतून झिरपत, माहेरहून निघालेल्या लेकीसारखं मागे बघत बघत खाली जायचं.

मला मात्र ती अडगळ दिसायची. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. गुडघे बोलायला लागले होते. जाण्याआधी एकदा वडिलांसारखं काम करावं, असं मनाने घेतलं. चार रविवार दोर, कप्पी आणि करवत घेऊन मी एकटा तिथे खपलो. शेवटचा ओंडका सुटला तेव्हा डोह अर्ध्या तासात रिकामा झाला. नदी कशी सरळ, चकचकीत धावायला लागली. मी काठावर बसून डबा खाल्ला आणि इतका खूश झालो, की आता सांगायलाही लाज वाटते.

लेखी परवानगीशिवाय नदीत काडीही हलवायची नाही, हा खात्याचा पहिला नियम. आणि काही हलवलं तर रंग टाकून वेळ पुन्हा मोजायचा, हा दुसरा. दुसरा पाळला असता तर पहिला मोडल्याचं उघडं पडलं असतं. म्हटलं, निवृत्त होईपर्यंत कशाला विंचवाच्या बिळात बोट घाला. तक्ता तसाच राहिला.

सतरा दिवसांनी पूर आला. मी दुपारी दोनला फोन केला. "येतंय, भाऊजी. भरपूर आहे." ते म्हणाले, "येऊ दे. तीनला सुरू करतो."

पाणी तीनच्या आतच बंधाऱ्यावर पोचलं असणार; त्या गोंधळात वेळ कुणी टिपली नाही. पाचही दरवाजे बंद. फुगलेलं पाणी बांधावरून वळलं आणि खालच्या गल्लीत शिरलं. माणसं गच्च्यांवर चढली म्हणून वाचली. बाकी चुलीपासून पाळण्यापर्यंत सगळं चिखलात. ताईच्या भिंतीवरही छातीइतक्या उंचीवर ओली रेघ उमटली.

गल्ली एका तोंडाने म्हणाली, गेटवाला झोपला होता.

आज खात्याची चौकशी, मलाही साक्षीला बोलावलेलं. सकाळी मी ताईकडे गेलो. सगळ्या खुर्च्या अंगणात उलट्या वाळत होत्या, म्हणून आम्ही तिघं पायरीवर बसलो. ताई चमच्याने ड्रॉवरच्या खाचेतला चिखल खरवडत होती.

"भांडीवाली काल तोंडावर म्हणाली, तुमच्या नवऱ्याच्या झोपेत माझा संसार वाहून गेला," ताई म्हणाली. "मी काय बोलणार? मी होते का तिथे?"

"भाऊजी, तुम्ही झोपणारे नव्हेत," मी म्हटलं.

त्यांनी चपलेवरचा वाळका चिखल पायरीवर आपटला. नेहमी जिभेवर कोटी तयार असणारा माणूस. आता गाल आत गेले होते.

"चहा घेतला, घड्याळ बघितलं. खुर्चीत बसलो. तुझा तक्ता कधी चुकत नाही रे. मग पाणी आलं कसं? आलं म्हणजे मधला वेळ कुठेतरी गेला. माझाच डोळा लागला असेल. आता मलाच आठवत नाही."

ताईचा चमचा थांबला. ती त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी उठून नळावर हात धुतले. धुण्यासारखं काही नव्हतं.

चौकशीची खोली लहान, पंखा हळू. टेबलामागच्या चौकशी अधिकारी बाईंपुढे माझी वही आणि भाऊजींचा जबाब होता. जबाबात एकच वाक्य होतं, मला झोप लागली असावी. खाली सहीची जागा मोकळी.

"सही केलीत की नोकरी जाईल, कल्पना आहे ना?" बाईंनी विचारलं.

"आहे," भाऊजी म्हणाले. "लोकांची घरं गेली, बाई. कुणीतरी तर चुकलं असणारच."

त्यांनी पेन उचललं. टोपण काढून नीट बाजूला ठेवलं. एकोणीस वर्षं ज्या माणसाने माझ्या शब्दावर घड्याळ लावलं, तो आता स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या तक्त्यावर जास्त विश्वास ठेवून सही करायला निघाला होता.

मी पेनावर हात ठेवला.

"थेंबमोजे, राहू दे," ते हळूच म्हणाले.

"नाही, भाऊजी. तुम्ही जागे होता." मग मी बाईंकडे वळलो. "तक्ता खोटा होता. वरच्या वळणावरचे ओंडके मी काढले. कुणाला न विचारता. आणि त्यानंतर वेळ मोजलाच नाही."