चोरलेला पान्हा

"नाही येत, सिस्टर! चार दिवस झाले, एक थेंब नाही. काढून टाका ते मशीन!"

पडद्याआडून मुलीचा आवाज आला, तसे बाहेर बाकावर बसलेले बाबा उगाचच उठून उभे राहिले. मग काय करावं ते न सुचून पुन्हा बसले.

पस्तीस वर्षं ते लोकांच्या गोठ्यात धारा काढत आले होते. कसलीही द्वाड गाय त्यांच्या हाताला वश व्हायची. पण पडद्यापलीकडे पोटची लेक होती, आणि हा काही बापलेकींनी बोलायचा विषय नव्हता. बोलली असती ती तिची आई. तिला जाऊन सहा वर्षं झाली. जावई बोटीवर, यायला अजून आठवडा.

दोन महिने आधीच जन्मलेली नात वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत होती. वजन सव्वा किलो. "आईच्या दुधाचे चार थेंबसुद्धा तिला औषध आहेत," डॉक्टर रोज बजावत, आणि मुलगी रोज आणखी आक्रसून जाई. टाके आणि ताप, त्यामुळे तिला अंथरुणातून उठायची मनाई. लेकीला तिने फक्त फोटोत पाहिलं होतं.

बाबांनी घसा खाकरला. "पोरी, रागावू नकोस. पण दूध आत आहे. आटलेलं नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"एकदा मालकांचा मुलगा गोठ्यात येऊन कुणावर तरी खेकसला. वीस गायी, कासा टम्म भरलेल्या, पण एकीनं धार सोडली असेल तर शपथ. घाबरली की गाय पान्हा चोरते."

"म्हणजे मी चोर? आणि वर गाय?"

बाबांनी जीभ चावली. सिस्टर मात्र हसू दाबत म्हणाल्या, "ताई, बरोबर सांगताहेत ते. बाळ ओढायला लागलं की मज्जातंतू मेंदूला खबर देतात. मेंदू रक्तात एक रस सोडतो, आणि मग दूध उतरतं. कधी नुसता बाळाचा वास, आवाजही पुरतो. पण जीव धास्तावलेला असला की तो रस अडून बसतो. यात तुमची काही चूक नाही."

"वास म्हणालात?" बाबा उठले. "वासरू लांब असलं की आम्हीही त्याचं अंग पुसलेलं फडकं गायीपुढे धरतो."

वरच्या मजल्याच्या दारापर्यंत ते रोज जात आणि तिथूनच परतत. एवढ्याशा जिवात जीव गुंतवायची छाती होत नव्हती. आज त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि आत गेले.

नात त्यांच्या ओंजळीत मावली असती. तिथल्या नर्सने पेटीची खिडकी उघडली. "लावा बोट."

त्यांनी बोट तळव्याला टेकवलं. पाच बोटं त्याच्याभोवती मिटली.

"ही पकड आपोआप असते हं, आजोबा. तिला अजून काही कळत नाही."

"असू दे," ते म्हणाले. "मला कळतंय ना."

तिच्या डोक्यावरचं टोपडं बदललं होतं. जुनं मागून घेऊन ते खाली आले आणि पडद्याच्या फटीतून आत सरकवलं.

आतून खोल श्वास घेतल्याचा आवाज आला. मग मुलगी हुंदक्यातच म्हणाली, "बाबा, औषधाचा वास येतोय. आणि त्याच्या आत तिचा."

धार काढताना बाबा गायीशी हळू आवाजात काहीबाही बोलत राहायचे. आताही बोलू लागले. "पकड काय आहे तिची! सांडशीच. तू अशीच माझी मिशी धरायचीस. आई सोडवायला यायची, तर तू तिचीही वेणी धरायचीस. दोघं अडकून बसायचो."

"आणि नाक?"

"नाक माझं. त्याला आता इलाज नाही."

मुलगी खळखळून हसली, टाक्यांनी कळवळली, पुन्हा हसली. आणि मध्येच थांबली.

"सिस्टर! सिस्टर, इकडे या ना!"

थोड्या वेळाने सिस्टर बाहेर आल्या. हातात सुई नसलेली, टोपण लावलेली बारकी सिरिंज. आत घट्ट, पिवळसर दूध, जेमतेम चमचाभर.

"वर नेऊन देता, बाबा?"

लिफ्ट समोरच उभी होती, पण तिच्या धक्क्याचा त्यांना भरवसा वाटेना. एका तळव्यावर सिरिंज, वर दुसऱ्या तळव्याचं झाकण, असे ते एकेक पायरी चढू लागले. वळणावर वरून कुणी घाईघाईने उतरत आलं. बाबा भिंतीकडे तोंड करून, हात छातीशी धरून उभे राहिले. तो माणूस पार खाली पोचेपर्यंत ते हलले नाहीत. मग पुढची पायरी चढले.