रबराच्या चार चकत्या

मातृत्व हा स्त्रीच्या आयुष्यातला सर्वोच्च सोहळा आहे, असं दवाखान्याच्या पत्रकावर पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत छापलेलं होतं. दुसऱ्या ओळीपासून बद्धकोष्ठता सुरू होत होती. मग छातीतली जळजळ, पोटऱ्यांत गोळे, पावलांना सूज, कंबरदुखी, बोटांना मुंग्या. सोहळ्याचा पुढे कुठे उल्लेख नव्हता.

मिस्त्री शिलाई मशीनखाली उताणा पडून हे वाचत होता. कपड्यांच्या कारखान्यातली साठ मशीनं त्याच्या जिम्म्यात होती, आणि कशालाही हात लावण्याआधी माहितीपत्रक वाचायचं ही त्याची शिस्त. बायको त्याच कारखान्यात चौदा नंबरच्या मशीनवर कॉलर शिवायची. तिला पंचविसावा आठवडा लागला होता. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिचं माहितीपत्रक हाती लागलं, म्हणून तो ते मन लावून वाचत होता.

"अहो, बाहेर या आता. सुट्टी संपली," बायको वरून म्हणाली.

"थांब गं. चार पायांखाली चार रबराच्या चकत्या बसवल्यात. मशीन हादरायचं बंद होईल. बोटांना मुंग्या येतात ना तुझ्या?"

शेजारची काजं करणारी मावशी दोरा दाताने तोडत म्हणाली, "नशीब काढलंस बाई. माझ्या तीन बाळंतपणांत आमच्या ह्यांनी पंख्याचं बटणसुद्धा दाबलं नाही."

"बाळसुद्धा बापावर गेलंय, मावशी. सुरुवातीला घरी काहीतरी फडफडायचं. आता घरी ढिम्म. इथे मशीन सुरू झालं की ह्याचं सुरू."

"हाडाचा कामगार आहे. हजेरी लागल्याशिवाय हलणार नाही."

"आणि रविवारी?"

"रविवारी भरपगारी सुट्टी!"

अख्खी ओळ हसली. मशीनखाली मिस्त्रीही हसला. हा मंगळवार.

बुधवारी सकाळी चौदा नंबर लोण्यासारखं चालत होतं. टेबलावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणीही हलत नव्हतं. मिस्त्री आपलं काम बघायला दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा बायकोने कॉलर बाजूला ठेवली होती.

"आज गप्पच आहे हो."

"झोपलं असेल."

"सकाळपासून?"

"बापावर गेलंय म्हणालीस ना? मी काय कमी झोपतो?"

ती हसली. तो लांब, कापडाच्या ताग्यांमागे गेला आणि खिशातलं पत्रक काढलं. आठवी ओळ त्याने कालच वाचली होती: हालचाल कमी वाटल्यास वाट न पाहता दवाखान्यात यावे. मिस्त्रीला यंत्रांतलं कळत होतं. तिचं पोट हल्ली टेबलाच्या कडेला टेकत होतं, टेबल मोटरबरोबर हादरत होतं, आणि रविवारी मोटर बंद असायची. हे सगळं एकाला एक लावून बघायला त्याला एक मिनिट लागलं. मग पुढचे तीन तास ते एकमेकांपासून सोडवण्यात गेले.

त्याला दोन गोष्टी करता आल्या असत्या. दवाखाना रिक्षाने वीस मिनिटांवर होता. चकत्या हाताशीच होत्या. जेवणाच्या सुट्टीत, बायको बाहेर नळावर डबा धूत असताना, तो मशीनखाली शिरला आणि त्याने चारही चकत्या काढून घेतल्या.

पावणेचारला बायकोने त्याला हाक मारली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"अहो, या, या लवकर! उठलं बघा!"

"लाथा मारतोय?" मावशीने मान वळवली. "सांगितलं नव्हतं? डबा खाल्ल्याशिवाय कामगार उठत नाही."

बायकोचा पाय पायडलवर होता. चेहरा उजळला होता. "हात ठेवा ना इथे."

मिस्त्रीने एक हात तिच्या पोटावर ठेवला. दुसरा टेबलावर. दोन्ही हातांना एकच ठेका लागत होता. गेली चौदा वर्षं त्याला तो ठेका पाठ होता.

त्याने वाकून बटण बंद केलं.

"का बंद केलंत? लागलं ना हाताला? आत्ताच तर..."

"आता बघ," तो म्हणाला.

ती बघत राहिली. आजूबाजूला एकोणसाठ मशीनं धडधडत होती. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले, मग खुर्ची हातभर मागे घेतली, मग पोटाला बोटाने हळूच ढोसलं, झोपलेल्याला उठवतात तसं. मावशीच्या तोंडावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, कारण ते काढायचं कसं हे तिला सुचेना.

"चकत्या काढल्यात तुम्ही," बायको म्हणाली.

"दुपारी."

सुपरवायझरला न विचारता ती उठली. नोकरीत पहिल्यांदाच. अर्धी कॉलर सुईखाली तशीच राहिली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा बराच वेळ पाहिला. मग मशीनचा आवाज बंद केला. गेल्या महिन्यात त्याच मशीनमधून घोडा दौडल्यासारखे ठोके ऐकू आले होते. वाढ बाविसाव्या आठवड्याची आहे, त्या म्हणाल्या. तिथेच थांबली असावी. तुमच्या हातून काही चुकलं नाही, काल आला असतात तरी हेच सांगितलं असतं.

मिस्त्रीने मान हलवली. हे वाक्य आपल्याला उपयोगी पडायला हवं, असं त्याला वाटलं. पडलं नाही.

"म्हणजे तीन आठवडे मी..." बायको म्हणाली आणि थांबली. तिने साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, कॉलरची शिवण सरळ करावी तशा.

नर्स कागद घेऊन आली. नाव, वय, कितवी खेप. "शेवटची हालचाल कधी जाणवली?"

मिस्त्री घसा खाकरून सांगायला लागला, "ते नक्की..."

"आज," बायको म्हणाली. "पावणेचारला."

नर्सने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या हात धूत होत्या. रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती, म्हणून नर्सने तेच लिहिलं.