आपट्याचा स्टेशनमास्तर

माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर सामाजी आपटेकरांनी पनवेलच्या इस्राएल आळीत, आपल्या घरामागच्या वाडीत, रेल्वे घातली. पितळी पट्ट्यांचे रूळ, सागाच्या काड्यांचे स्लीपर आणि हातभर लांबीची इंजिनं. विहिरीजवळ पनवेल स्टेशन, चिकूच्या झाडाखाली आपटा, मागच्या कुंपणाशी रोहा. खऱ्या लाइनवर मधे आणखी स्टेशनं होती, पण वाडीत मावली तेवढीच. आपटा मात्र असणारच होतं. घराणं मूळचं तिथलं.

इंजिनाचं प्रत्येक चाक सुदाम म्हात्रेंच्या लेथवर कातलेलं होतं. सुदाम मूळचे जासईचे. तरुणपणी पनवेलला आले आणि पळस्प्याच्या रस्त्यावर त्यांनी लेथचं दुकान टाकलं. सामाजींनी कागदावर ड्रॉइंग काढायचं आणि सुदामनी ते हातात न घेता, नुसतं लांबून बघून म्हणायचं, "हे असं नाय होणार." मग दोघांनी तासभर भांडायचं, आणि शेवटी ते कसं तरी व्हायचंच. अशी त्यांची दोस्ती होती.

सामाजी बेने इस्राएल; शनिवार हा त्यांच्या शब्बाथचा, विश्रांतीचा दिवस, म्हणून मंडळी रविवारी जमायची, उन्हं कलल्यावर. एसटी डेपोत कंट्रोलर असलेले दयाराम पनवेल सांभाळायचे. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या रोहिणी दातार रोह्याला बसायच्या. आपट्याला सुदाम. गळ्यात घड्याळ अडकवून वाडीभर फिरणारे सामाजी म्हणजे कंट्रोल. प्रत्येक स्टेशनावर एक लाकडी पाटी, तिच्यावर बटणं आणि घंटी. वीज एका ट्रकच्या बॅटरीतून यायची, म्हणून लाइट गेले तरी गाड्या थांबत नसत.

लाइन एकेरी होती. गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनाला घंटी द्यायची, त्यानं आपल्याकडचा रूळ मोकळा आहे ना ते बघून उलट घंटी द्यायची, मगच गाडी हलवायची. आपटा मधलं, म्हणून सगळ्यात अवघड. दोन्हीकडून गाड्या यायच्या. एक बाजूच्या रुळावर घेऊन उभी करायची, दुसरी समोरून सोडायची. सुदामना ते आवडायचं. स्टुलावर मांडी घालून बसायचे आणि गाडी आली की स्वतःशीच म्हणायचे, "ये बाय ये, दमलीस का?"

सामाजींची बायको दिना मधेच चहा आणि सांदणं घेऊन यायची. पण गाडी आपट्यात येऊन उभी राहीपर्यंत कोणी कपाला हात लावत नसे.

त्र्याण्णव साली डिसेंबरमध्ये सामाजींचा पुतण्या ओमेर इस्राएलहून आला होता. रविवारी तो कॅमेरा घेऊन वाडीत बसला. सामाजींनी नवीन काळं इंजिन पहिल्यांदाच लाइनवर काढलं होतं. दोन वर्षं ते त्यावर खपले होते. रोह्याहून पॅसेंजर घेऊन ते निघालं, ओमेर खुर्चीवरून उठून फोटो घेऊ लागला, आणि पॅसेंजर सरळ आपट्यात उभ्या असलेल्या मालगाडीवर जाऊन आदळली.

काळं इंजिन भरावावरून खाली दगडांवर पडलं. धुराडं मोडलं, पुढची चाकं वाकली. ओमेरनं कॅमेरा खाली केला.

रोहिणीबाई म्हणाल्या, "मला आपट्यानं घंटी दिली होती काका. रूळ मोकळा आहे म्हणून."

सामाजी इंजिन उचलून सुदामकडे आले. पुतण्यासमोर अशी फजिती झाली होती.

"एवढी धडधडीत मालगाडी उभी होती," ते म्हणाले. "डोळे फुटले होते का तुझे?"

सुदाम रुळाकडे बघत राहिले.

"लेथवर बस तू. गाडी चालवणं तुझं काम नाही."

सुदामनी पायांत चपला घातल्या, स्टूल झाडाखाली सरकवून ठेवलं आणि वाडीच्या फाटकातून बाहेर पडले. दिना चहाचा ट्रे घेऊन येत होती. तिनं "भाऊ, चहा" म्हटलं, तर त्यांनी नुसता हात वर केला.

पुढच्या रविवारी ते येतील असं सामाजींनी धरूनच चाललं होतं. आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मग दयारामनी त्यांच्या डेपोतल्या प्रदीपला आणलं आणि तो आपट्याला बसू लागला.

दिना म्हणाली, "तुम्ही जाऊन या ना एकदा."

"चूक त्याची आहे."

"चूक गाडीची झाली. बोललात तुम्ही."

सामाजी गेले नाहीत. त्यांना वाटे, इतक्या वर्षांची दोस्ती, एका शब्दानं तुटते होय? त्याला यायचं तर येईल. पुढे एकदा भाजी मार्केटात सुदाम गर्दीतून आले. अगदी बाजूनं, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळून गेले. सामाजींनी हात उचलला, तोंडही उघडलं. सुदामनी मान वळवली नाही. घरी येऊन सामाजी दिनाला म्हणाले, "बघितलंस? एवढा माज." त्यानंतर तिनंही विषय काढला नाही.

दारफाळणीचा सण, म्हणजे यहुद्यांचा वर्षातला मोठा उपास, आला. त्या उपासाआधी माणसानं ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्याकडे स्वतः जाऊन माफी मागायची. माणसाचा अपराध देव परस्पर माफ करत नाही, असं सामाजींचे वडील सांगत. सामाजी निघाले. पळस्प्याच्या रस्त्यापर्यंत चालत गेले. सुदामच्या दुकानाचं शटर खाली होतं. शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारता आलं असतं, घर काही लांब नव्हतं. पण बंद शटर बघून सामाजींना हायसं वाटलं. आपण आलो होतो, तो नव्हता, असं मनाशी म्हणत ते परत फिरले.

पुढच्या वर्षी, थंडी सरताना, रोहिणीबाई एका रविवारी उशिरा आल्या. त्या आईला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या होत्या. तिथं त्यांना सुदामचा मुलगा कुमार भेटला होता.

"आपटेकरकाका," त्या म्हणाल्या, "म्हात्रेकाकांना दिसत नाही. काचबिंदू. दोन्ही डोळे गेले."

सामाजींनी विचारलं, "कधीपासून?"

"पूर्ण जाऊन थोडेच दिवस झाले. पण सुरू होऊन पुष्कळ दिवस झाले होते म्हणे. कडेचं आधी जातं. माणसाच्या लक्षातही येत नाही."

त्या दिवशी गाड्या सुटल्या नाहीत. सामाजी तसेच, गळ्यात घड्याळ असतानाच, सुदामच्या घरी गेले.

दार सुदामच्या बायकोनं, रमानं उघडलं. ती बाजूला झाली. सुदाम ओटीवर खाटेवर बसले होते. दाढी नीट केलेली, सदरा स्वच्छ. फक्त तोंड दाराच्या थोडं बाजूला वळलेलं होतं.

"कोन?"

"मी."

"सामाजी होय. बस."

सामाजी बसले. गळ्यातलं घड्याळ काढून त्यांनी हातात धरलं. मग म्हणाले, "मला सांगितलं का नाहीस?"

"कोनाला सांगनार? पोराला पन नव्हतं सांगितलं. समोरचं दिसत व्हतं ना. नळीतनं बघावं तसं. वाटलं, वय झालं, चालायचंच. त्या दिवशी मालगाडी डाव्या अंगाला व्हती. मी बघितलं तर रूळ मोकळा. खरंच मोकळा दिसला मला."

"मी बोललो ते..."

"तू खरं तेच बोललास," सुदाम म्हणाले. "म्हनून तर लागलं. मला आतून भ्या वाटत व्हतं का डोळ्याचं काय तरी बिघडलंय. लेथवर दोनदा बोट जाता जाता वाचलं व्हतं. आनि तू चारचौघांत त्याच जागी बोट ठेवलंस. मग मी कोनाला काय सांगू?"

रमानं पाणी आणून ठेवलं. सामाजींना मार्केट आठवलं. ते म्हणाले, "मधे एकदा भाजी मार्केटात भेटलो होतो आपण."

"कधी?" सुदामनी विचारलं. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

"काही नाही. सहज."

"मी येऊन गेलो वाडीत," सुदाम म्हणाले. "गेल्या साली. मागच्या कुंपनाशी उभा व्हतो. तवा समोरचं चांगलं दिसायचं मला. माझ्या स्टुलावर कोन तरी पोरगा बसलेला. गाड्या येळेवर चालल्या व्हत्या. म्हटलं, चाललंय ते बरं चाललंय. फिरलो माघारी."

"हाक मारायची होतीस."

"तू मारायची. कुंपनाच्या आत तू व्हतास."

सामाजींच्या मनात आलं: सुदाम रविवारी येत राहिले असते, तर शेजारी बसलेल्या कोणाच्या तरी ध्यानात आलं असतं. रोहिणीबाईंच्या तर नक्कीच; त्यांच्या आईला हाच आजार होता आणि औषधानं तिची नजर टिकून होती. कोणी तरी हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. हे सामाजींनी बोलून दाखवलं नाही. सुदामनाही ते कळलं असावं. त्यांनीच विषय बदलला आणि काळं इंजिन दुरुस्त झालं का ते विचारलं.

"रविवारी ये," निघताना सामाजी म्हणाले. "आपटा सांभाळायला."

"थट्टा करतोस?"

"नाही."

मग सामाजी आठवडाभर वाडीत राबले. आपट्याला दोन्हीकडच्या दोन घंट्या होत्या; त्यांतली रोह्याची काढून तिच्या जागी गुरांच्या गळ्यातली घंटा बसवली, म्हणजे पनवेल कुठलं आणि रोहा कुठलं ते आवाजावरून कळावं. रुळांखाली पत्र्याच्या पट्ट्या लावल्या. गाडी समोरच्या रुळावर आली की टक् असा एक आवाज, बाजूच्या रुळावर आली की दोन. बटणांच्या शेजारी खाचा पाडल्या. दिना दारातून बघत होती. ती म्हणाली, "हे तेव्हाही करता आलं असतं." रागानं नव्हे, पण म्हणाली.

रविवारी सामाजी स्वतः जाऊन सुदामना घेऊन आले. प्रदीप स्टुलावरून उठून उभा राहिला. सुदामनी पाटीवरून हात फिरवला, खाचा मोजल्या, घंट्या वाजवून बघितल्या, आणि म्हणाले, "सोडा."

पहिली गाडी पनवेलहून निघाली. टक् टक् झालं, ती बाजूच्या रुळावर थांबली. गुरांची घंटा वाजली. सुदाम क्षणभर ऐकत राहिले, मग त्यांनी रोह्याला उलट घंटी दिली. पॅसेंजर आली, समोरून गेली. काही आदळलं नाही. दयाराम विहिरीपासून हसून म्हणाले, "आपटा वेळेवर आहे हो." तासाभरात सुदामचे हात सरावले. एकदा तर गाडी यायच्या आधीच ते पुटपुटले, "ये बाय, ये." रोहिणीबाईंनी तोंड दुसरीकडे केलं.

गाड्या थांबल्यावर सुदाम रुळाशेजारी उकिडवे बसले आणि रुळावरून हात पुढं नेत गेले. आपट्याच्या पुढे, जिथं पूर्वी नुसता भराव होता, तिथं त्यांचा हात थांबला.

"हे काय रं?"

"पूल. पाताळगंगेवरचा."

हा पूल दोघांनी मिळून करायचा ठरवला होता. त्याचे खांब कसे कातायचे यावरून त्यांची कित्येक भांडणं झाली होती. सुदामची बोटं एकेका खांबावरून खालीवर फिरली.

"खांब कोनाकडनं कातून घेतलेस?"

"खोपोलीहून."

"बरे हायत. एक थोडा वाकडा हाय." मग त्यांनी विचारलं, "कधी केलास?"

"गेल्या उन्हाळ्यात."

सुदामची बोटं खांबावरच होती. "तवा दिसत व्हतं मला," ते म्हणाले. "पूल बघता आला असता."

त्यांनी तक्रार केली नव्हती. वीज गेली, पाऊस लागला, असं सांगावं तसं सांगितलं. सामाजींनी सुदामना उठायला हात दिला.

घरी पोचवताना सामाजींनी त्यांचा दंड धरला होता. आळीच्या तोंडाशी सुदाम थांबले. "असं नको धरू. ढकलल्यासारखं वाटतं. तू पुढं चाल, मी तुझ्या खांद्यावर हात ठेवतो." मग तसे चालले. वाटेत सामाजी म्हणाले, "सुदाम, माझं चुकलं."

"हां," सुदाम म्हणाले. थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "माझं पन चुकलं. मी कुंपनापाशीच उभा राहिलो."

त्यानंतर सुदाम येत राहिले. कधी तब्येत बरी नसली की येत नसत, तेव्हा प्रदीप बसायचा. गाड्या चालायच्या, चहा व्हायचा, ड्रॉइंगवरून भांडणं होत नसत. सामाजींनी मात्र पुन्हा वाडीत नवीन असं काही केलं नाही. स्टेशनांचे रंग उन्हापावसानं उडाले. रोह्याच्या पाटीवरची अक्षरं पुसट झाली. दयाराम एकदा ब्रश आणि डबा घेऊन आले, तर सामाजी म्हणाले, "राहू द्या."

सुदामनी ते ऐकलं. "का रं? मार की रंग," ते म्हणाले. "बाकीच्यांना डोळे हायत ना."

"मारतो," सामाजी म्हणाले. "पावसाळा संपला की मारतो."

पावसाळा संपला. डबा पडवीत तसाच राहिला, आणि आतला रंग सुकून गेला.