कोपराची फुले

आमच्या कापड-छपाईच्या कारखान्यात चाळीस वर्षे प्रत्येक नवी नक्षी मीच काढली. छापलेले पहिले कापड मी सर्वांत आधी धाकट्या बहिणीला नेऊन दाखवत असे. ती गेली आणि माझा हात आखडला. आठ महिने कागद कोराच राहिला. शनिवारी व्यापाऱ्यांना नवा नमुना दाखवायचा होता. जुनीच नक्षी पुन्हा पुढे करण्यापेक्षा कारखान्याला कुलूप बरे, हा माझा हेका घरात सर्वांना ठाऊक होता.

शुक्रवारी दुपारी माझी नात टेबलाखाली बसून, ठसे पुसायच्या फडक्यावर रंगात बुडवलेले कोपर उमटवत होती.

"हे काय चालवलं आहेस?" मी दरडावले.

"कोपराचं फूल, आजी. तुझं सुरकुतलेलं आहे, त्याचं आणखी छान येईल."

"माझ्या वयाचा काही मान?"

"मान राहू दे, कोपर दे!"

सून दारात हसू दाबत उभी होती. तिला कामाला पिटाळून मी बाही वर सारली.

लहानपणी बहीण आणि मी वडिलांची ठसे पुसायची फडकी अशीच रंगवत असू. तिची ओळ हमखास वाकडी जायची आणि मी तिच्यावर डाफरायची. त्या दुपारी मी मुद्दाम तिच्यासारखीच वाकडी ओळ उमटवली. संध्याकाळी नक्षी पुरी झाली.

"बाई, ओळ सरळ करून घेऊ?" मुख्य कारागिराने विचारले.

"खबरदार! जशी आहे तशीच छापायची."

पहिले कापड दोरीवर वाळत घातले. ते सर्वांत आधी कोणाला नेऊन दाखवावे, हे मात्र मला कळेना.