साफ केलेला माग

रिटायर होऊन दोन महिने होतात न होतात तोच सिस्टरने विणकाम शिकायचं डोक्यात घेतलं. तेही साधंसुधं नव्हे. तिला हवी होती विणकरकाकांची पाखरांची नक्षी, शंभर चादरींत ओळखू येणारी. खुबा मोडून काका दीड महिना तिच्याच वॉर्डात होते. "मला आता माग झेपायचा नाही. तू ने, शिकवायला मी येईन," असं ते म्हणाले आणि त्यांच्या लेकीने माग सुटा करून टेम्पोने पाठवूनही दिला.

माग कसला, धुळीचं कोठार! धूळ दिसली की सिस्टरच्या अंगात यायचं. तिने लाकूड घासलं, त्याला तेल पाजलं, किडलेला पाय सुताराकडून बदलून घेतला. मागाच्या फणीत आणि फणीमागच्या दोऱ्यांच्या फाशांत जुन्या धाग्यांची हातभर झालर लोंबत होती, मळकी आणि चिकट. ती तिने मूठ-मूठ ओढून काढली, कचरागाडीत टाकली आणि फणी टूथब्रशने घासली.

आठव्या दिवशी काका लेकीचा हात धरून आले. लाकडावरून हात फिरवून खूश झाले. मग हात फणीवर गेला आणि तिथेच थांबला.

"धागे कुठायत?"

"काढले की सगळे! कसं लख्ख झालंय बघा."

काका मटकन खुर्चीत बसले. चेहरा पांढराफटक. सवयीने सिस्टरने त्यांची नाडी धरली. त्यांनी हात सोडवून घेतला.

"सिस्टर, माग कधी रिकामा करत नाहीत गं. जुन्या टोकांना नवे धागे एकेक करून बांधायचे आणि ओढून घ्यायचे. कुठला धागा कुठल्या फाशातून जातो, तीच तर नक्षी."

मुठी भरभरून आपण नेमकं काय उपटलं, ते सिस्टरला आत्ता कळत होतं.

"पुन्हा ओवू या, काका. तुम्ही सांगा, मी ओवते. महिना लागू दे."

"ते हिने ओवले होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी." काका बायकोबद्दल बोलत होते. "ती गेली, त्याला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हापासून मी नुसत्या गाठी मारत आलो."

"पण एखादी चादर बघून..."

"उसवून पाहिली होती. डोकं फुटायची वेळ आली, पण कळलं नाही."

"बाबा, काय बोलताय हे?" लेक जागीच थिजली होती. गावभर वडिलांच्या नक्षीची मिजास मिरवलेली ती पोरगी. "तुम्हाला येत नाही?"

"मला साधंच येतं," काका म्हणाले. "बस सिस्टर, तेवढं शिकवतो."