गळ्यातला देव

"आप्पा, आजीचा देव तर तिच्या गळ्यात होता. मग देवासाठी ती घरात कशाला थांबली?"

शिवकांतानं विचारलं आणि गेरूची वाटी खाली ठेवली. प्रश्न तिचा नव्हताच. शाळेतनं येताना मथुरानं आणि बाकीच्या पोरींनी तिला गाठलं होतं. "वर्गात लई तोंड चालतंय, बापापुढं चालव की! विचारलंस तर चिंचेचा अख्खा गोळा तुझा." शिवकांता हसत हसत व्हय म्हणाली होती. पंधरा वर्षांची पोर, गेल्याच महिन्यात कविता म्हणण्यात पहिली आलेली. एका प्रश्नाला काय भ्यायचं?

पण महांतप्पांचा चेहरा असा उतरला, की तिचं हसू तोंडातच राहिलं.

आजीच्या समाधीवर बसवायचा दगड अंगणात भिंतीला टेकून उभा होता. श्रावणात वर्ष भरत होतं. महांतप्पांची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूत झालेली. बाळबोध अक्षर त्यांना बोट ठेवून वाचावं लागे. पाथरवटाला तर अक्षर म्हणजे नुसती नक्षी, पुढ्यात जे काढाल ते तो कोरणार. राज्य बदललं, शाळा मराठी झाली, आणि घरात मराठी लिहिणारं माणूस एकच निघालं, शिवकांता. म्हणून दगडावर गेरूनं अक्षरं काढायचा मान तिला. कालपासून पोरीचे पाय जमिनीवर नव्हते. मजकूर आप्पांनी सांगितलेला: 'देवासाठी घर न सोडणारी उमाबाई.'

परंड्याच्या पेठेत ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. गेल्या साली रझाकारांच्या भयानं निम्मी पेठ बार्शीकडं पळाली, पण महांतप्पा कापडवाल्यांची म्हातारी देवाला सोडून हलली नाही, आणि तापानं तिथंच गेली. आप्पा ती दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. ऐकणारे हात जोडायचे.

"देवघरात समई कुणी लावली असती?" आप्पा म्हणाले. "अन् तू काय झडती घेतीस? अक्षरं काढ."

शिवकांताचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडं गेला. तिचंही इष्टलिंग तिथंच होतं, लिंगायतांच्या रीतीप्रमाणं जन्मल्यापासनं. आजी पहाटे उठून आपलं लिंग तळहातावर घ्यायची आणि पूजा करायची. शेतात वस्तीला असो, नाहीतर पाहुण्यांच्या लग्नघरी. "आपला देव आपल्यासंगं हिंडतो गं," म्हणायची. मग?

ती उठली आणि तरातरा मथुराच्या घरी गेली. मथुराची आजी द्वारकाबाई पायानं अधू, म्हणून त्या धामधुमीत गावातच राहिलेली. ओसरीवर शेंगा फोडत बसली होती.

"कोण म्हणतंय थांबली?" म्हातारी फिसकारली. "तुमी सगळे गेलाव तवा तुझा बाप म्हणला, उद्या गाडी माघारी धाडतो. उमाबाईनं गाठोडं बांधलं, इरकली लुगडं नेसली, अन् बसली उंबऱ्यात. रोज सकाळी वाटंसाठी ताजी भाकर करायची, अन् कालची शिळी आपण खायची."

"अन् गाडी आलीच न्हाय?"

"आली की! तिसऱ्या दिशी आली. दुकानावर गेली, कापडाचे गठ्ठे भरले. तुमचा गडी गुरुलिंग दारात येऊन म्हणला, आजी, जागा न्हाय, पुढल्या खेपंला नेतो. तिनं त्यालाच वाटंला भाकर बांधून दिली बघ. मग कसली खेप अन् कसलं काय! बाराव्या दिशी म्या तिच्या तोंडात पाणी घातलं. गाठोडं तसंच उशाला."

शिवकांताला बार्शीतले ते गठ्ठे आठवले. नव्या कापडाचा वास, आणि त्यावर ती ऐसपैस पसरून झोपलेली. "आजी कधी येणार?" असं तिनं एकदाच विचारलं होतं. "तिला देव सोडवत नाही," असं उत्तर आलं, आणि ती कूस बदलून झोपली होती. एकदाच विचारलं! हे तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

घरात शिरली ती पेटूनच.

"गाडी आली होती, आप्पा! दुकानापर्यंत आली होती! खोटं आहे म्हणा. म्हणा ना!"

महांतप्पा एकदम उसळले, "ते कापड लुटलं असतं तर आज काय खाल्लं असतंस? तुझी शाळा कशावर चाललीय? वाटलं, म्हातारीला कोण काय करणार. मग रस्ताच बंद झाला. मला काय सपान पडलं होतं?"

"मग तसं सांगायचं! कापड आणलं अन् आईला ठेवलं, असं सांगायचं. देवाच्या अंगावर का ढकललं? लोक हात जोडत होते अन् तुम्ही खुशाल जोडून घेत होता!"

"शिवकांते!" गौराबाई पिठाच्या हातानं चुलीपासनं धावत आली. "बापाला असं बोलत्यात?"

"आई, तुला ठाऊक होतं?"

गौराबाईनं खाली मान घातली. "म्या म्हणलं होतं ह्यांना. गुरुलिंगाला सांगा, एक गठ्ठा कमी भर म्हणावं."

"एका गठ्ठ्याएवढी तरी होती का गं ती!" शिवकांता ओरडली आणि तिचा आवाज फुटला.

आप्पांनी हात उगारला. ती हलली नाही, डोळेही मिटले नाहीत. हात हळूहळू खाली आला.

तिनं तोंड पुसलं.

"आता ऐका दोघंही. उद्या पाथरवट यायच्या आत दगडावर मी लिहिणार आहे. 'उमाबाई. अकरा दिवस गाडीची वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी गाडी आली, तिला नेलं नाही.' एवढंच. देवाचं नाव त्यात येणार नाही. तुम्ही पुसलंत तर मी परत काढीन. आणि तुम्हाला तुमचंच पाहिजे असलं, आप्पा, तर तुमच्या हातानं लिहा, उर्दूत. माझ्या हातनं ते व्हायचं नाही."